पाठीमागून पाहिलेला नाच

पोलादाच्या प्लांटभोवती वसलेल्या भिलाईत माणसाची किंमत कपड्यांवरून ठरत नाही, क्वार्टरवरून ठरते. कोणता सेक्टर, किती खोल्या, समोर व्हरांडा आहे की दारातून थेट रस्त्यावर, एवढं कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. हुद्दा, वशिला, पोरीच्या लग्नात बँड कोणता येणार, सगळं आपोआप कळतं. म्हणून शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर कृष्णराव भोयर टाइम ऑफिसातल्या क्लर्कचे ऑफिसर झाले आणि त्यांना सेक्टर दहात मोठं क्वार्टर मिळालं, तेव्हा सेक्टर सहाच्या त्या गल्लीत पेढे फिरायच्या आधीच अंदाज फिरले. कोणाला खरा आनंद झाला, कोणाला झाला नाही आणि कोणाला तो दाखवायला जास्त मेहनत पडली, हे ज्याचं त्यानं मनात टिपून ठेवलं.

अंदाज चुकला तो एकाच माणसाबाबत, आणि तो माणूस कृष्णरावांच्याच घरात होता.

"मले नाही जायचं," त्यांची बायको तारा म्हणाली.

कृष्णरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "कावून?"

"इथं बरं आहे आपलं."

"अवं, काय बरं आहे? सैपाकघरात दोन माणसं उभी राहिली तं तिसऱ्याले श्वास घ्याले बाहेर जा लागते. तिथं समोर व्हरांडा आहे. स्कूटर ठेवाले शेड आहे. मागं नाही, समोर बगीचा आहे!"

"मागं अंगण नाही?"

"मागं काय करतं तू?"

तारा मागच्या अंगणात गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकून दोरीवरच टाकून आली.

कृष्णराव तसे समजूतदार. आर्वीकडचा माणूस, बोलायला मऊ, हिशेबाला पक्का. व्हरांड्याचं स्वप्न त्यांनी नोकरीला लागल्यापासून पाहिलं होतं. त्या व्हरांड्यात वेताची खुर्ची कुठे ठेवायची, खुर्चीत बसल्यावर येणारा-जाणारा नमस्कार कोणत्या बाजूनं करील, इथपर्यंत त्यांचं ठरलेलं होतं. त्यात बायको नाही म्हणेल ही गोष्ट त्यांनी धरलेलीच नव्हती. बायका मोठ्या घराला नाही म्हणत नाहीत, असा गल्लीचा अनुभव होता.

आता ती नाही का म्हणत होती, ते सांगायला पाहिजे.

भोयरांच्या मागच्या अंगणात एक जामाचं झाड होतं. पुण्यामुंबईकडे त्याला पेरू म्हणतात. झाडापलीकडे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे सायकल जाईल एवढी बोळ, आणि बोळीला पाठ करून उभा असलेला सेक्टरचा हॉल. या हॉलात एरवी हळदीकुंकू, सत्यनारायण, निरोपसमारंभ व्हायचे. पण तीनेक वर्षांपासून दर संध्याकाळी, जनरल शिफ्टचा भोंगा होऊन माणसं घरी पोचली की, तिथं काही पोरं-पोरी जमायची. एक ड्रम, एक इलेक्ट्रिक गिटार, कपाटाएवढा आवाजाचा डबा. आणि मग जे सुरू व्हायचं, त्यानं गल्लीतल्या भांड्यांना कंप सुटायचा.

"याले रॉक म्हणतात, मम्मी," तिची अकरावीतली पोरगी विजया म्हणायची. "और वो जो करते हैं ना, वो कंटेम्पररी डान्स है. मॉडर्न."

"मॉडर्न असो का काही असो," तारा म्हणायची, "डोकं उठवून राहिले मेले."

हे वाक्य ती मोठ्यानं म्हणायची. शेजारच्या कौशल्याबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कौशल्याबाईंचं उत्तर भिंतीपलीकडून लगेच यायचं: "हो ना वो बाई, धिंगाणा आहे नुसता!" गल्लीत तक्रारी सगळ्याच बाया करायच्या, पण तारासारखी मन लावून कोणी करत नव्हतं. बाकीच्या तक्रार करून दारं लावून घ्यायच्या. तारा तक्रार करायला मागच्या अंगणात जायची आणि नाच संपेपर्यंत तिथंच तक्रार करत उभी राहायची.

पहिल्या दिवशी ती खरोखरच भांडायला गेली होती. उजव्या हाताला पीठ लागलेलं, डाव्या हातात लाटणं. हॉलच्या मागच्या मोठ्या खिडक्या उघड्या होत्या. नाचणाऱ्यांची तोंडं तिकडे, हॉलातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे, आणि पाठी इकडे. निळं बनियन घातलेला एक सडपातळ माणूस मधोमध उभा होता. तारा तोंड उघडणार एवढ्यात तो पडला.

घसरून पडला नाही. चक्कर येऊनही नाही. दोरीवरची साडी चिमट्यातून सुटते आणि वाऱ्याच्या मनात असेल तशी खाली येते, तसा तो आला. ड्रम बडवला जात होता, गिटार किंचाळत होती, आणि त्या सगळ्यात तो माणूस आवाज न करता जमिनीला टेकला. कोणी धावलं नाही. कोणी "अरे, लागलं का?" म्हटलं नाही. मग साडी कोणी तरी परत दोरीवर घ्यावी तसा तो उठला.

तारानं लाटणं खाली केलं. ते भांडण राहिलं ते राहिलंच.

लहानपणी आर्वीला भुलाबाईच्या दिवसांत ती घरोघर गाणी म्हणत फिरली होती, फुगड्या घातल्या होत्या. मग एका वर्षी आजी म्हणाली की पोरीच्या पायाचा आवाज आता घरात येऊ नये. तेव्हापासून तारा पाय न वाजवता चालत आली होती. इथं माणसं पाय वाजवत होती, पडत होती, लोळत होती, एकमेकांच्या पाठीवर पाठ टाकून उभी राहत होती, आणि त्यात ना राधा होती ना कृष्ण. गोष्टच नव्हती. गोष्ट नसताना आपले पाय इथून का हलत नाहीत, हे तिला कळेना. ते कळायला म्हणून ती दुसऱ्या दिवशी गेली. मग रोज.

झाडाला टेकून नीट दिसत नाही म्हणून तिनं एक फुटकं घमेलं पालथं घातलं. उभं राहण्याला कारण लागतं म्हणून कधी कढीपत्ता, कधी कपडे, कधी कणकेची परातच घेऊन यायची आणि भिंतीवर ठेवून मळायची. त्या काळात भोयरांच्या घरच्या पोळ्या फार मऊ व्हायच्या. कृष्णरावांनी त्याचं श्रेय चांगल्या गव्हाला दिलं होतं.

नाचणाऱ्यांची नावं तिला माहीत नव्हती, म्हणून तिनं आपली ठेवली. निळ्या बनियनवाला तो 'निळा'. एक लांब वेणीची उंच मुलगी, ती 'उंचाडी'. उंचाडी उडी मारायच्या आधी खांदे किंचित वर घेते, निळा दमला की डाव्या पायावर भार देतो, हे समोर बसणाऱ्याला कधी दिसलं नसतं. ताराला पाठ होतं. एकदा निळा मनगटाला पट्टी बांधून आला, प्लांटमध्ये भाजलं असावं. त्या रात्री तारा जेवली नाही. कृष्णरावांनी तिला हिंगाष्टक चूर्ण दिलं. तिनं ते घेतलंही.

आणि या सगळ्यात तिचा जीव जिच्यात अडकला होता, ती एक खूण होती. तारा घमेल्यावर चढून स्थिर झाली की थोड्याच वेळात, नाचता नाचता, निळ्याचा डावा हात पाठीमागं यायचा आणि त्याची दोन बोटं हळूच मिटायची. फूल मिटतं तशी. तेवढं झालं की भट्टीसारखा धडधडणारा तो आवाज खाली यायचा, एकदम जमिनीजवळ, आणि मग पायांचं घासणं, कपड्यांची सळसळ, उंचाडीचा श्वास, सगळं ऐकू यायचं. तारासाठी खरा नाच तिथून सुरू व्हायचा. तिचं भाग्य असं की तो भाग तिचा एकदाही चुकला नाही. पाहुणे आले, उशीर झाला, तरी ती घमेल्यावर चढायची आणि मग बोटं मिटायची. जणू नाच तिच्यासाठी थांबायचा.

आता सेक्टर दहातल्या व्हरांड्यातून हे काय दिसणार होतं?

क्वार्टर घ्यायचं की नाही ते आठवड्याभरात कळवायचं होतं. त्या आठवड्यात तारानं जेवढी कारणं काढली तेवढी लग्नानंतर कधी काढली नव्हती. विजयाची शाळा जवळ आहे. कौशल्याबाईंसारखी शेजारीण भेटणार नाही. (हे ऐकून कृष्णराव चमकले, कारण मागच्याच महिन्यात दोघींचं पाण्यावरून वाजलं होतं.) शेवटी ती झाडावर आली.

"ते जाम मी लावलं आहे. माह्या हातचं आहे. मले सोडवत नाही."

"झाडासाठी क्वार्टर सोडू म्हणतं?"

"तुमाले क्वार्टर पुन्हा भेटल. मले झाड नाही भेटणार."

एकदा नाही म्हटलं की नंबर मागं जातो, आणि मागं गेलेला नंबर कधी पुढे येतो हे प्लांटमध्ये कोणी सांगू शकत नाही. कृष्णरावांना हे ताराहून चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी नकार कळवला. त्या संध्याकाळी ते समोरच्या पायरीवर बसले, जिथं वेताची खुर्ची मावत नाही, आणि बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. गल्लीनं निष्कर्ष काढला की भोयरांच्या घरात काहीतरी आतली गोष्ट आहे. गल्लीचं बरोबरच होतं, फक्त गोष्ट आत नव्हती, मागं होती.

पण कृष्णराव बायकोवर जीव असलेला माणूस. त्यांनी विचार केला: झाडासाठी ही इथं राहणार. झाड मागं. आणि मागं तर हिला रोज तो त्रास. किती बोलते बिचारी! इतकी वर्षं आपण क्लर्क होतो, काही करू शकलो नाही. आता ऑफिसर आहोत.

पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी ते घरी आले, चहा घेतला आणि खुशीत म्हणाले, "ऐक."

तारानं कान दिला. "काय?"

"काहीच नाही ना? तेच तं ऐक म्हणतो!"

भोंगा होऊन गेला होता. अंगणातून कावळ्याचा आवाज आला, लांबून कोणाची तरी सायकलची घंटी. बाकी काही नाही.

"काय केलं तुमी?"

"अर्ज केला. रहिवाशांले त्रास, पोरांच्या अभ्यासाचं नुकसान, दोन पानं इंग्रजीत. ऑफिसरच्या अर्जाले वजन असते, तारा. क्लर्कचा असता तं फायलीत झोपला असता. हॉल आता शिवणक्लासले दिला." आणि मग जरा लाजून, "तू बोलून बोलून थकली होती. मले का दिसत नव्हतं?"

तारानं तीन वर्षं मोठ्यानं म्हटलेलं प्रत्येक वाक्य कोणी तरी इमानदारीनं जपून ठेवलं होतं आणि आज तिच्या ओंजळीत परत टाकलं होतं.

"बरं केलं," ती म्हणाली, आणि पोळ्या करायला गेली. त्या दिवशीच्या पोळ्या कडक झाल्या.

त्यानंतरही ती रोज अंगणात जायची. हॉलच्या खिडक्यांना फुलांचे पडदे लागले होते आणि आतून शिवणयंत्रांची किरकिर यायची.

"आता काय पाहून राहिली वो?" कौशल्याबाईंनी भिंतीवरून विचारलं. "आता तं शांत आहे."

"जाम पाहून राहिली."

"बहार तं सरला ना बाई! पानंच आहेत नुसती."

"पानंच पाहून राहिली."

विजयाला सगळी बातमी होती. "वो लोग कॅम्प-एकमध्ये गेले ना. तिथं आटाचक्की आहे, तिच्या मागच्या गोदामात प्रॅक्टिस करतात. पूरे स्कूल में सब बोलते हैं, भोयर अंकल ने भगाया. मले शरम येते, मम्मी."

दोन दिवसांनी तारा गव्हाचा डबा घेऊन रिक्षानं कॅम्प-एकला दळायला गेली. सेक्टर सहाच्या मार्केटात चक्की असताना. ऑफिसरच्या बायकोनं दळणासाठी इतक्या लांब यावं याचं चक्कीवाल्यालाही नवल वाटलं, पण त्यानं दळलं. चक्की अशी घरघरत होती की मागं कोणी रॉक वाजवो की तोफा उडवो, कळायला मार्ग नव्हता. गोदामाला खिडकी नव्हती. पत्र्याचं दार होतं, आतून लावलेलं. तारा त्या दारासमोर पिठाचा डबा कडेवर घेऊन उभी राहिली. पायाखाली काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, पण ते चक्कीचंही असेल. एक म्हैस येऊन तिच्याकडे पाहू लागली, तेव्हा ती परत फिरली.

"पीठ जाड आलं यावेळी," रात्री कृष्णराव म्हणाले.

"चक्की बदलली," तारा म्हणाली.

संध्याकाळचं ते अर्ध्या-पाऊण तासाचं भोक दिवसात तसंच राहिलं. त्यात तिनं स्वेटर विणायला घेतला, गजानन महाराजांची पोथी घेतली, काही बसेना. कधी कणीक मळता मळता तिची डावी दोन बोटं आपोआप मिटायची आणि मग घरात काहीच हळू व्हायचं नाही, कारण मोठ्यानं काही चाललेलंच नसायचं.

फेब्रुवारीत टाउनशिपचा वार्षिक कार्यक्रम होता, सेक्टर एकच्या मोठ्या सभागृहात. पास ग्रेडप्रमाणे मिळायचे. क्लर्क असताना भोयर कुटुंब खांबाच्या मागे बसायचं. यंदा ऑफिसरचा पास, पुढून तिसरी रांग, जीएमच्या बायकोच्या अंबाड्याच्या बरोबर मागे. कार्यक्रमात शेवटी 'आधुनिक नृत्य, दोन भागांत' असं छापलेलं होतं. तारानं लग्नातली पैठणी नेसली. कृष्णराव म्हणाले, "अवं, साधा कार्यक्रम आहे." तिनं ऐकलं नाही.

पडदा वर गेला. तीच माणसं होती. निळं बनियन जाऊन काळे कपडे आले होते, तरी पडण्यावरून तिनं निळ्याला ओळखलं. पण त्याला तोंड होतं! चाळिशीकडे झुकलेलं, देवीचे वण असलेलं, घामानं भिजलेलं तोंड. उंचाडीला नाकात चमकी होती. ताराला वाटलं आपण परक्या माणसांच्या घरात शिरलो आहोत. हात जिकडून यायला पाहिजेत तिकडून येत नव्हते. उजवं डावीकडे गेलं होतं. आणि आवाज! तो खाली येईना. ती वाट पाहत होती, पदराचं टोक मुठीत धरून; आता बोटं मिटतील, आता. पण निळ्याचा हात पाठीमागं गेलाच नाही, आणि गेला असता तरी समोरून दिसला नसता. पहिला भाग त्या धडधडाटातच संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीएमच्या बायकोनं कानातला कापूस काढला.

तारा उठली आणि सरळ बाहेर आली. कृष्णराव मागोमाग.

"डोकं दुखून राहिलं ना? मले माहीतच होतं. हे लोक इथंही आले. चाल घरी."

"मले मागून पाहायचं आहे."

"मागून? जन्मात पहिल्यांदा समोरची लाइन भेटली अन् मागून?"

"मी मागूनच पाहिलं आहे हो. रोज. जामाच्या झाडाखालून."

पायऱ्यांवर लोक चहा पीत होते. कृष्णराव एका बाजूला झाले. टाइम ऑफिसातला माणूस. कोण कधी आला, कधी गेला, कुठं होता, हे जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आता त्यांच्या डोळ्यांपुढून एक-एक गोष्ट सरकू लागली.

"म्हणजे त्या रात्री तू जेवली नव्हती..."

"हो."

"मी हिंगाष्टक दिलं."

"हो."

"अन् क्वार्टर?"

"हो."

"अन् मी अर्ज..."

तारानं पदर सारखा केला.

"मंग सांगितलं कावून नाही वो? तोंड होतं ना तुले? 'डोकं उठवून राहिले मेले' म्हणासाठी होतं!"

"काय सांगू? बनियन घातलेल्या माणसाले पाहाले मले इथं राहायचं आहे, म्हणू? तुमी काय म्हटलं असतं?"

कृष्णरावांनी इमानदारीनं विचार केला. "वाईट म्हटलं असतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "कोण आहे तो?"

"मले काय माहीत! नावही नाही माहीत. माणूस नाही हो. त्याचं पडणं." तिनं हातानं दाखवायचा प्रयत्न केला, पण पैठणीचा काठ आड आला. "आपण पडलो तं लोक हसतात, नाहीतर धावत येतात. ते पडतात अन् पडून राहतात. मंग आपल्या मनानं उठतात. कोणाले विचारत नाही."

कृष्णरावांना किती समजलं कोण जाणे. पण त्यांनी मफलर नीट केला, ऑफिसरसारखी मान ताठ केली आणि स्टेजच्या बाजूच्या दाराकडे निघाले. दारावरच्या माणसानं अडवलं तेव्हा त्यांनी पास दाखवला. त्या पासवर आत जाता येत नव्हतं, पण तो इतका आत्मविश्वासानं दाखवला होता की माणूस बाजूला झाला.

आत निळा पंचानं मान पुसत बसला होता. शेजारी गिटारवाला गिटारची तार पिळत होता. कृष्णरावांना पाहून निळा ताडकन उठला. मग त्याची नजर मागं उभ्या ताराकडे गेली.

"अरे बाप रे. जामवाली मॅडम," तो म्हणाला. मग घाईघाईनं कृष्णरावांना, "सर, आज तो प्रोग्राम है सर, सेकंड हाफ में आवाज थोड़ा कम कर देंगे. ए नरहरी, सुन ले."

नरहरी म्हणजे गिटारवाला. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधल्या भजनी घरातला पोरगा. बापानं नाव वेगळ्या अपेक्षेनं ठेवलं असणार. तो मराठीत म्हणाला, "काकू, इथंही?"

"तुमी मले ओळखता?" तारानं विचारलं.

"ओळखतो म्हणजे? तुमच्या भ्यानंच तं तीन वर्षं काढली. केवलरामभाऊ, सांगा ना."

केवलराम. निळ्याचं नाव केवलराम होतं. तो जरा ओशाळला. "मॅडम, आप पेड़ के नीचे आकर खड़ी होती थीं ना, तो मैं समझ जाता था कि गुस्सा हैं. सामने की खिड़की के काँच में दिखता था. तो मैं पीछे हाथ करके नरहरी को इशारा कर देता था..." त्यानं डावा हात पुढे केला आणि दोन बोटं मिटली. "कि आवाज कम कर. बाई आ गई."

तारा त्या बोटांकडे पाहत राहिली. ती पहिल्यांदाच समोरून दिसत होती. बोटांवर भाजल्याचे डाग होते.

"ते नाचातलं नव्हतं?"

"डान्स में कहाँ मॅडम! वो तो आपके लिए था." आणि राग न धरता, सहज म्हणावं तसं, "फिर भी शिकायत तो हो ही गई."

कृष्णरावांनी घसा साफ केला आणि छताकडे पाहिलं.

"मैं गुस्सा नहीं थी," तारा आपल्या हिंदीत म्हणाली. "मैं देखती थी."

"रोज?"

"रोज."

केवलराम खाली बसला. प्लांटमधल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरची नोकरी सांभाळून, गावातल्या पंथी या छत्तीसगडी लोकनाचापासून दिल्लीतल्या कोणत्या तरी ग्रुपपर्यंत जाऊन परत आलेला हा माणूस. रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून त्यानं तीन वर्षं तालीम केली होती. पाहणारं माणूस पाठीमागं होतं. त्यानं नरहरीकडे पाहिलं, नरहरीनं गिटारकडे.

"म्हणजे आपने फुल आवाज में तो आज पहली बार देखा," केवलराम म्हणाला. "कैसा लगा?"

कोणत्याही भल्या बाईनं 'छान' म्हटलं असतं. "आवाज जास्त होता," तारा म्हणाली.

नरहरी इतका हसला की त्याच्या हातातून तार सुटली. कृष्णरावांनी कपाळाला हात लावला. ताराही हसली असती, पण तिला एकदम विचारावंसं वाटलं ते विचारून झालं: "सेक्टर सहाले परत येता येईल?"

"हॉल तो गया मॅडम. मशीनें लग गईं."

"मी दुसरा अर्ज करतो," कृष्णराव म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. असा अर्ज कोणत्या खात्यात करायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

घंटा झाली. ताराला जायचं नव्हतं हे कोणी बोललं नाही, पण कोणी जा असंही म्हटलं नाही. मागच्या पडद्याची एक कड बाजूला घेतलेली होती. तिथून स्टेज पाठीमागून दिसत होतं. मात्र मध्ये ड्रमचा उंचवटा येत होता. कृष्णराव कुठून तरी सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं घेऊन आले, पालथं घातलं, पायानं हलवून पाहिलं.

"घमेलं नाही भेटलं," ते म्हणाले. म्हणजे घमेलं त्यांनी कधीतरी पाहिलं होतं. त्याचा अर्थ तेवढा आज लागला होता.

तारा वर चढली. समोर पाठी होत्या. उजवं उजवीकडे आलं, डावं डावीकडे. उंचाडीनं खांदे किंचित वर घेतले आणि उडी मारली. केवलरामनं डाव्या पायावर भार दिला, दमला होता. सगळं ओळखीचं होतं, फक्त आवाज परका होता, छातीत ठोके मारणारा, पूर्ण मापाचा. ती आता वाट पाहत नव्हती. पाहण्यात अर्थ नव्हता. हॉल गच्च भरलेला, पलीकडे सगळी टाउनशिप बसलेली, आणि नाचात ते नव्हतंच.

केवलराम पडला. साडी दोरीवरून सुटावी तसा. पडून राहिला. उठला. उठता उठता त्याचा डावा हात पाठीमागं आला आणि दोन बोटं मिटली.

नरहरीनं मागं पाहिलं नाही. त्यानं डब्यावरचं बटण फिरवलं, ड्रमवाल्यानंही हात आवरला.

आवाज खाली आला, जमिनीजवळ. पायांचं घासणं ऐकू आलं, कपड्यांची सळसळ, उंचाडीचा श्वास. तारानं समोरच्या पडद्याची कड धरली, भिंतीवरची परात धरावी तशी.

"आवाज! आवाज!" हॉलमधून कोणी तरी ओरडलं. मग आणखी कोणी. मशीन बिघडलं असं वाटून व्यवस्थापकांतला एक माणूस हातात टॉर्च घेऊन धावत स्टेजच्या बाजूनं आला. कृष्णराव भोयर त्याच्या वाटेत आडवे उभे राहिले.

"काय तक्रार आहे?"

"आवाज गेला ना साहेब! लोग चिल्ला रहे हैं!"

"लेखी द्या," कृष्णराव म्हणाले.

तो माणूस क्षणभर थांबला. तेवढा क्षण ताराला मिळाला. मग स्टेजवर बोटं उघडली, आवाज वर गेला, हॉल शांत झाला आणि टॉर्चवाला कपाळ पुसत परत गेला. तारा खोक्यावरच उभी होती. कृष्णरावांनी एका हातानं खोकं धरून ठेवलं होतं.